चौकात पाऊस, तारेत बारा व्होल्ट

भाद्रपदात, गणपतीच्या दिवसांत, मुंबईतल्या चिंचपोकळीच्या चाळीत एक दृश्य हमखास दिसतं. पाऊस नुकताच उघडलेला असतो, पागोळ्या अजून ठिबकत असतात आणि कोणीतरी स्टुलावर चढून पहिल्या मजल्याच्या लोखंडी कठड्याला दिव्यांची माळ बांधत असतं. हात ओले, कठडा ओला, स्टूलही ओलं. खालून पोरं ओरडतात, "दादा, जरा डावीकडे घे!" माळेतला एकेक दिवा तांदळाच्या दाण्याएवढा. एवढ्याशा दिव्यात कसला आलाय करंट, असं बघणाऱ्याला वाटतं. लहानपणी मलाही तसंच वाटायचं.

दिवा लहान म्हणून वीजही लहान, हा समज किती फसवा आहे ते जुन्या 'सिरीज'ने दाखवलं. चाळीसेक दिवे एकाच तारेत एकामागोमाग गुंफलेले. घरातले 230 व्होल्ट त्या चाळीस जणांत वाटले जायचे आणि प्रत्येकाच्या वाट्याला सहाच्या आसपास यायचे. एक दिवा गेला की अख्खी माळ विझायची, मग कोणता गेला ते शोधायला एकेक दिवा उपसून बघायचा. आता यातली गंमत बघा. दिवा उपसला की प्रवाह थांबतो. प्रवाह नाही म्हणजे वाटणीही नाही. मग फेजच्या बाजूला, त्या रिकाम्या होल्डरच्या इवल्याशा पत्र्यावर, सहा नव्हे तर पुरते 230 व्होल्ट उभे असतात आणि येणाऱ्या बोटाची वाट बघतात. विझलेली माळ पेटत्या माळेपेक्षा घातक! आज बाजारात मिळणाऱ्या, अ‍ॅडॅप्टर नसलेल्या, थेट पिनेला जोडायच्या एलईडी माळांचंही तसंच. दिवे तीन-तीन व्होल्टांचे, पण तार मात्र घरच्या विजेशी सरळ जोडलेली.

याउलट दुसऱ्या जातीची माळ. तिच्या आणि भिंतीतल्या प्लगच्या मध्ये एक डबी असते, अ‍ॅडॅप्टरची. आत 230 व्होल्ट जातात, बाहेर 12 येतात. या डबीइतकी अद्भुत वस्तू आपल्या घरात दुसरी कुठली असेल असं मला वाटत नाही.

आत काय चालतं ते बघायला तसलाच बंद पडलेला एक जुना, जड ट्रान्स्फॉर्मर मी एकदा उलगडला. पिवळसर कागदाच्या थराखाली तांब्याच्या बारीक तारेची एक गुंडाळी निघाली, शेकडो वेढ्यांची. तिच्या शेजारी जाड तारेची दुसरी, मोजकेच वेढे. मधे लोखंडाच्या पातळ पट्ट्या. पहिल्या तारेचं एक टोक धरून मी बोट फिरवत गेलो. ती दुसऱ्या तारेला कुठेही, कुठेही चिकटलेली नव्हती. वीज इकडून तिकडे जाते, पण तांब्यातून जात नाही. मधल्या लोखंडातलं चुंबकत्व सेकंदाला 50 वेळा मागेपुढे होतं आणि त्या हेलकाव्याने पलीकडच्या तारेत नवी वीज जन्मते. पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी केलेल्या मायकेल फॅरेडेने 29 ऑगस्ट 1831 रोजी लोखंडाच्या एका कड्यावर दोन गुंडाळ्या करून हे पहिल्यांदा पाहिलं. आजच्या अ‍ॅडॅप्टरमध्ये हाच हेलकावा सेकंदाला हजारो वेळा घडवतात. त्यामुळे विटेएवढा ऐवज साबणाच्या वडीत मावतो.

सुरक्षितता असते ती या न चिकटण्यात. मेनच्या तारेला हात लागला तर वीज अंगातून उतरून जमिनीवाटे परत जाण्याचा रस्ता शोधते, कारण त्या व्यवस्थेचं एक टोक मुळातच जमिनीला जोडलेलं असतं. डबीपलीकडच्या तारांचा जमिनीशी संबंधच उरत नाही. शिवाय दाब फक्त 12 व्होल्ट. ओल्या माणसाच्या शरीराचा रोध ढोबळमानाने 1000 ओहम धरला, तर 230 व्होल्टांना 230 मिलिअँपिअर वाहतील. हृदयाची लय बिघडायला याच्या कितीतरी कमी प्रवाह पुरतो. तोच हिशोब 12 व्होल्टांना 12 मिलिअँपिअरवर थांबतो, आणि कोरड्या कातडीवर तर काही जाणवतही नाही. पोहण्याच्या तलावात माणसं पाण्यात असताना एसी विजेला 12 व्होल्टांच्या वर जाऊ देत नाहीत, ते याच कारणाने.

मग सगळीकडेच 12 व्होल्ट का नाहीत? याचं उत्तर चिंचपोकळीच्या अगदी शेजारी आहे.

  1915 साली खोपोलीला टाटांचं जलविद्युत केंद्र सुरू झालं आणि घाटावरच्या पाण्याची वीज सुमारे 70 किलोमीटर धावत परळला आली, गिरण्यांचे साचे फिरवायला. आली तीही सुमारे एक लाख व्होल्ट दाबाने. इतका प्रचंड दाब कशासाठी? तेवढीच शक्ती कमी दाबाने पाठवायची तर प्रवाह वाढवावा लागतो, आणि तारेतली नासाडी प्रवाहाच्या वर्गाने वाढते. प्रवाह दुप्पट, तर नुकसान चौपट. कमी दाबाने निघालेली वीज वाटेतच तारा तापवून संपली असती.

चाळीच्या चौकात हाच नियम लहान रूपात भेटतो. समजा, 12 व्होल्टांवर 60 वॅटचे दिवे आहेत, म्हणजे 5 अँपिअर. तार 1 चौरस मिलिमीटरची, चौक 20 मीटर लांब. जाऊन-येऊन 40 मीटर तांबं, रोध साधारण 0.7 ओहम. सगळे दिवे दूरच्या टोकाला असतील तर साडेतीन व्होल्ट वाटेतच गळतात आणि तुळशीवृंदावनापाशी पोहोचतात जेमतेम साडेआठ. तिथले दिवे मलूल दिसतात आणि लोक म्हणतात, माल खराब आहे. माल चांगला असतो, तार बारीक असते. 230 व्होल्टांवर याच 60 वॅटना इतक्याच तारेत पाव व्होल्टही गमवावा लागत नाही.

यावरचा एक उपाय मला फार आवडतो. डबी एका टोकाला न ठेवता मधोमध ठेवायची आणि दोन्हीकडे दहा-दहा मीटरच्या दोन फांद्या काढायच्या. प्रत्येक फांदीत प्रवाह निम्मा, लांबीही निम्मी. घट एकदम चौथ्या हिश्श्यावर येते, साडेतीनाची एकाच्या आत! जादा तार नको, नवा दिवा नको. त्यातूनही कमी पडलं तर अडीच चौरस मिलिमीटरची तार घ्यावी.

आता डबीची जागा. 230 आणि 12 यांच्यातली ही सीमा आहे, आणि माझ्या मते चौकाच्या रोषणाईतला सर्वांत महत्त्वाचा निर्णय हाच. ती छपराखाली हवी, कोरड्या भिंतीवर, पोरांच्या हाताबाहेर, हवा खेळेल अशी. पिशवीत गुंडाळून कुंडीमागे नव्हे. पावसात जे जाईल ते फक्त 12 व्होल्टांचं असावं. डबीत शिरणाऱ्या प्रत्येक तारेला आधी थोडं पोट सोडायचं, म्हणजे तारेवरून ओघळणारं पाणी पागोळीसारखं त्या पोटावरून खाली ठिबकतं, आत शिरत नाही. दिव्यांचा जलरोधक दर्जा आयपी 65 किंवा त्यावरचा असावा. पाणी साचतं तिथे 67.

जोडांवर नुसती काळी टेप पुरत नाही. जीव वाचला म्हणून जोड वाचत नाही. डबीतून निघणाऱ्या डीसी तारेत ओल शिरली की धन बाजूचं तांबं कणाकणाने विरघळू लागतं, हिरवा गंज धरतो, जोड सैल होतो आणि तापतो. 12 व्होल्ट माणसाला मारत नाहीत, पण 5 अँपिअर सैल जोडावर आग लावू शकतात. म्हणून जोड बंद, जलरोधक पेटीत आणि डबीतून बाहेर पडणाऱ्या तारेवर योग्य क्षमतेचा फ्यूज.

डबीच्या अलीकडे, मेनवर, 30 मिलिअँपिअरचं आरसीसीबी हवं, म्हणजे वीज जमिनीत गळाली की आपोआप पडणारा स्विच. तेही एका कड्याचंच काम! गेलेली आणि परतलेली वीज एकाच कड्यातून जाते. दोन्ही सारख्या असतील तर कडं शांत. तेवढे 30 मिलिअँपिअर कुणाच्या अंगातून जमिनीत गेले की तोल जातो आणि स्विच पापणी लवण्याच्या आत पडतो. डबीपलीकडचं मात्र त्याला दिसत नाही, त्यामुळे आरसीसीबीवर विसंबून पलीकडचा फ्यूज टाळू नये.

दत्ताराम लाड मार्गावरच्या चिंचपोकळी सार्वजनिक उत्सव मंडळाची स्थापना 1920 सालची, परळला खोपोलीची वीज आली त्यानंतर पाचच वर्षांनी. शतक उलटलं तरी गणेशोत्सव आणि पाऊस एकाच महिन्यात येतात. मंडप, कमान, रस्त्यावरची रोषणाई हे परवानाधारक वायरमनचं काम; त्यासाठी बेस्टचं तात्पुरतं कनेक्शन घ्यावं, रस्त्याच्या खांबावरून वायर ओढू नये. चाळीतली 12 व्होल्टांची माळ मात्र आपली आपण लावता येते. यंदा ती बाहेर काढाल तेव्हा आधी अ‍ॅडॅप्टरवरची बारीक अक्षरं वाचा: आउटपुट 12 व्होल्ट, बीआयएसचा नोंदणी क्रमांक, एकात एक असे दोन चौकोन, म्हणजे दुहेरी इन्सुलेशनची खूण. माळेला अ‍ॅडॅप्टरच नसेल तर ती घरात, कोरड्या जागी लावा. आणि मीटर रूममध्ये जाऊन आरसीसीबीवरचं 'टी'चं बटण दाबून बघा. स्विच पडला नाही, तर वायरमनला बोलवा आणि तो येऊन जाईपर्यंत माळ पिशवीतच राहू द्या.