स्थानांना नमस्कार करणारे विरक्त

तेराव्या शतकात श्रीचक्रधरांनी अनुयायांना सांगितलेला आचार कडक होता. अटन करावे, भिक्षा मागून खावे, विजनात स्मरण करावे. गावाची, घराची, माणसांची ओढ लागू देऊ नये. आणि तरीही त्यांच्या महानुभाव पंथाने गावोगावच्या जागांची बारीक नोंद पिढ्यान्‌पिढ्या जपली. मला यात विसंगती दिसत नाही. ज्याला स्वतःची जागाच ठेवायची नाही, त्याला स्वामींच्या जागा जिवाभावाच्या होणारच.

चक्रधर निघून गेल्यावर पोरके झालेले शिष्य नागदेवाचार्यांच्या, म्हणजे भटोबासांच्या, मागोमाग रिद्धपूरला गोळा झाले. चक्रधरांचे गुरू गोविंदप्रभू तिथे होते. वेड्यासारखे वागणारा हा पुरुष मुलांत खेळे, कुणाच्याही घरात शिरे; शिवाशिवीचा विधिनिषेध त्याला नव्हता. आज अमरावती जिल्ह्यात असलेले हे गाव महानुभावांची काशी झाले ते त्याच्यामुळे.

शिष्य म्हाइंभटांनी चक्रधरांचे चरित्र, म्हणजे लीळाचरित्र, सिद्ध केले ते १२७८च्या सुमारास, याच मंडळींच्या आठवणींतून. ज्याच्यासमोर लीळा (स्वामींच्या आयुष्यातला प्रसंग) घडली त्याला गाठायचे, विचारायचे, पडताळायचे. स्वामी कुठे बसले, काय जेवले, कुणाला काय म्हणाले, सगळे टिपायचे. पुढे धामधुमीत मूळ पोथी हरवली आणि हिराइसेसारख्या भक्तांच्या पाठांतरातून चरित्र पुन्हा उभे राहिले. आठवणींत फरक पडला तर तो कुणाच्या सांगण्यातला, हेही पोथ्यांनी नोंदवून ठेवले. दैवताविषयी लिहिताना भक्ताने इतके काटेकोर राहावे, याचा मला फार आदर वाटतो. मराठी गद्याची पहिली मोठी इमारत या भक्तीवर उभी आहे.

पंथाने वंदनीय मानले ते चौघांना: स्थान, प्रसाद, भिक्षुक आणि वासनिक. चक्रधरांसारख्या अवताराचा पाय लागला ते स्थान. तिथे ओटा बांधतात. त्याने वापरलेली, त्याच्या स्पर्शाची वस्तू म्हणजे प्रसाद. उरलेले दोघे जिवंत माणसे आहेत, संन्यासी आणि गृहस्थ अनुयायी. पूज्य वस्तू जपणारे पंथ पुष्कळ. शेजारच्या संसारी माणसालाही त्याच यादीत घेणारे थोडे.

अशा स्थानांची नोंद करणारी स्थानपोथी उघडली की देवळाचे तोंड कुठे, गाव नदीच्या कोणत्या अंगाला, स्वामी कुठल्या बाजूला बसले, असे तपशील ओळीने येतात. यात्रेकरूला ओटा अचूक सापडावा म्हणून हे लिहिले. यादवकालीन गावांचा अभ्यास करणाऱ्याला आज त्याच नोंदी हाताशी येतात.

पुढे मठ झाले, महंत आले, आम्नाय (पंथाच्या शाखा) वेगळे पडले. सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत पोथ्या बंद राहिल्या. विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाड्यांसारख्यांनी ती लिपी उलगडली, तेव्हा बाहेरच्या मराठी वाचकाला हे वाङ्मय दिसू लागले. तोवर पंथ पंजाबात आणि थेट काबूलपर्यंत पोहोचला होता. तिथे त्याला जयकृष्णी म्हणतात. घरात पंजाबी बोलणारी ही माणसे धर्मग्रंथ म्हणून जुनी मराठीच वाचत आली आणि त्या ओट्यांच्या दर्शनाला महाराष्ट्रात येत राहिली.