नित्याचे शिष्यत्व

नागपुराहून रायपुराकडे जाणाऱ्या जुन्या हमरस्त्यावर, भंडारा जिल्ह्यात, साकोली हे गाव आहे. भोवताली तळी आणि धानाच्या बांध्या. आषाढात येथे रोवणी चालते. दाट पेरलेले पऱ्हे उपटावयाचे, मुळांची माती धुऊन जुड्या बांधावयाच्या आणि चिखलात एकेक रोप नव्याने रोवावयाचे, असा तो क्रम. रोवल्यानंतर काही दिवस रोप पिवळे पडते व मान टाकते. नवख्याला ते मेले असेच वाटावे. शेतकरी मात्र त्या दिवसांत रोपाला हात लावीत नाही. तो केवळ बांधीतले पाणी राखतो. मूळ धरण्याचे काम चिखलाखाली चाललेले असते आणि ते कोणाला दिसत नाही.

येशूचा अनुयायी होणे म्हणजे काय, या प्रश्नाचा विचार करताना ही रोवणी आठवणे अप्रस्तुत होणार नाही. बाप्तिस्म्याचा विधी एका दिवसात आटोपतो. त्या दिवसाची चर्चा फार होते. घरी रडारड होते, गावात बोलबाला होतो, क्वचित वर्तमानपत्रांतूनही वाद माजतो. परंतु तो दिवस रोवणीचा. त्यानंतरच्या दिवसांचे काय?

शुभवर्तमानांत येशूने अनुयायांस घातलेली एक अट तीन ठिकाणी आली आहे: ज्याला मागे यावयाचे असेल त्याने स्वतःला नाकारावे, आपला वधस्तंभ उचलावा आणि मागे यावे. मत्तय आणि मार्क यांनी ती एवढीच दिली आहे. लूकने मात्र आपल्या नवव्या अध्यायात तीत एक लहानसा शब्द अधिक घातला आहे: ‘दररोज’. वधस्तंभ हे रोमन राज्यातील देहदंडाचे साधन. तो मनुष्य एकदाच उचलतो आणि मग परत येत नाही. तो दररोज उचलावयाचा म्हटल्यावर त्या अटीचे स्वरूपच पालटते. धर्मासाठी एकदा प्राण देण्याची गोष्ट मागे राहते, आणि सकाळी उठल्यापासून रात्री निजेपर्यंत आपला हेका, आपला मान आणि आपली सोय बाजूस ठेवण्याची गोष्ट पुढे येते. ही दुसरी गोष्ट दिसण्यात लहान. पण ती कधी संपत नाही, म्हणून अधिक अवघड.

महाराष्ट्रात या ‘दररोज’चा अर्थ ज्या एका घराच्या इतिहासात अगदी जवळून पाहावयास मिळतो, त्या घराची कथा योगायोगाने याच मुलुखातून जाणाऱ्या एका प्रवासात सुरू होते. साकोलीवरून जाणारा हमरस्ता राजनांदगावास पोहोचतो. आगगाडीचा मार्ग त्याच्या उत्तरेस तुमसर-गोंदियावरून तेथेच जातो. १८९३ साली नागपुराहून राजनांदगावास निघालेले नारायण वामन टिळक याच गाडीत बसले होते. डब्यात एक युरोपीय गृहस्थ भेटले. काव्यापासून धर्मापर्यंत गोष्टी झाल्या, आणि निरोप घेताना त्या गृहस्थांनी नव्या कराराची एक प्रत टिळकांच्या हाती दिली व दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे भाकीत केले. टिळकांना ते भाकीत काही पटले नाही. पुस्तक मात्र त्यांनी वाचले. डोंगरावरील प्रवचनापाशी आल्यावर ते खाली ठेववेना.

१० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तो घरी न सांगता घेतला. चित्पावन घराणे, संस्कृताचा व्यासंग, कवी म्हणून होऊ लागलेले नाव, हे सर्व एका बाजूस पडले. दुसऱ्या बाजूस पडली त्यांची पत्नी लक्ष्मीबाई, आणि जेमतेम चार वर्षांचा मुलगा. जवळजवळ पाच वर्षे पतिपत्नी वेगळी राहिली. शिष्यत्वाची किंमत बोलताना नेहमी बाप्तिस्मा घेणाऱ्याचाच हिशेब मांडला जातो. या घरात तो हिशेब प्रथम भरला तो ज्या बाईने बाप्तिस्मा घेतला नव्हता तिने.

पुढे लक्ष्मीबाई अहमदनगरास पतीकडे आल्या. पण धर्म बदलून आल्या नाहीत. त्यांनी आपले सोवळे राखले, आपले अन्न आणि आपले पाणी वेगळे ठेवले. येथे टिळकांची खरी कसोटी होती. व्याख्यानांतून ते हजारांस पटवू शकत. घरात पटविण्याचा अधिकार त्यांना पती म्हणून त्या काळच्या समजुतीने आयताच मिळाला होता. तो त्यांनी वापरला नाही. तापट म्हणून प्रसिद्ध असलेला हा पुरुष आपल्या छपराखाली आपल्याच श्रद्धेला न मानणारी चूल पेटू देतो, हे त्यांच्या कोणत्याही स्तोत्राहून कमी महत्त्वाचे नाही. बांधीत पाणी राखावे आणि रोप उपटून पाहू नये, हे त्यांना साधले.

जातिभेद देवाने केलेला नसून माणसांनी केलेला आहे, या निर्णयाला लक्ष्मीबाई स्वतःच्या विचाराने आल्या. १९०० साली त्यांचा बाप्तिस्मा झाला. लहानपणी शाळेचे तोंड न पाहिलेल्या, नवऱ्याच्या हाताखाली अक्षरे गिरविलेल्या या बाईने पुढे ‘स्मृतिचित्रे’ लिहिली. १९३४ पासून तिचे भाग प्रसिद्ध होत गेले. त्या पुस्तकाचा मोठा गुण असा की, त्यात धर्मांतर हा कोठेही देखावा होत नाही. टिळकांचा राग, त्यांचा विसराळूपणा, हातातले पैसे दुसऱ्याच्या हातात घालून रिकामे घरी येणे, आणि मग त्या औदार्याची झळ डब्यांना लागणे, हे सारे त्यात हसत हसत सांगितले आहे. ख्रिस्ती झाल्यावर टिळकांचा स्वभाव एकदम पालटला असे लक्ष्मीबाई कोठेही भासवीत नाहीत. राग येतच राहिला. बदलले ते एवढेच की, राग आल्यानंतर काय करावयाचे याविषयी या घराला एक मापदंड मिळाला. ज्यांना शिष्यत्वाचा अर्थ निर्दोषपणा असा वाटतो, त्यांनी हे पुस्तक अवश्य वाचावे.

त्या घरात माणसांची कमतरता कधी नव्हती. निराधार मुले येत, राहत, वाढत. कवी बालकवी ठोमरे हेही अहमदनगरास टिळकांच्या घरी राहिले. ते ख्रिस्ती नव्हते आणि तसे होण्याची अट त्यांना कोणी घातली नाही. शेजाऱ्यावर प्रीती करण्याची आज्ञा प्रवचनात ऐकावयास सोपी; जेवायला एक पान वाढवावे लागते तेव्हा तिचे वजन कळते.

साधनेचे नेहमीचे प्रकार या कुटुंबाने सोडले होते असे मात्र नाही. सकाळ-संध्याकाळची प्रार्थना, शास्त्राचे वाचन, रविवारची उपासना, प्रभुभोजनाच्या विधीत मंडळीबरोबर एकत्र येणे, आजाऱ्याची विचारपूस, मिळकतीतून दान, हा ख्रिस्ती घराचा जुना परिपाठ होय. गळ्यात माळ घातलेल्या वारकऱ्याला जशी एकादशी, हरिपाठ आणि वारी, तसाच हा. नेम हा भक्ती नव्हे, पण नेमावाचून भक्ती फार दिवस टिकत नाही, हे दोन्ही संप्रदायांच्या अनुभवाचे आहे. टिळकांना हे साम्य चांगले उमगले होते. तुकोबांच्या वाटेने आपण ख्रिस्तापर्यंत आलो हे ते मोकळेपणाने सांगत. परदेशी चालींवर बसविलेली भाषांतरित गीते गाऊन मराठी माणसाचे मन भिजणार नाही, हे ओळखून त्यांनी शेकडो पदे, अभंग आणि भजने रचली; कीर्तनाचा उपयोग केला. ‘उपासना संगीत’ या संग्रहातून ती मराठी मंडळ्यांत आजही गायिली जातात. भंडाऱ्यास स्कॉटिश मिशनने काम केले, अहमदनगरास अमेरिकन मिशनने; पुढे १९७० साली २९ नोव्हेंबरला नागपुरास उत्तर भारत मंडळीची स्थापना झाली, तीत या दोन्ही परंपरा सामावल्या. चाली आणि शब्द त्यापूर्वीच एक झाले होते.

नेम आणि कीर्तन एवढ्यावरच भागले असते तर टिळकांचे उत्तरायुष्य सुखाचे गेले असते. १९०४ साली त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली होती. ‘ज्ञानोदय’ पत्राच्या मराठी विभागाचे संपादन त्यांच्याकडे होते. मिशनचे वेतन ठरलेले होते. परंतु ख्रिस्ताची सेवा पगारावर करावी हे त्यांना उत्तरोत्तर सलू लागले. १९१७ साली, पन्नाशी उलटल्यावर, त्यांनी ते वेतन सोडले, साताऱ्यास जाऊन संन्यस्त वृत्तीने राहू लागले आणि ‘देवाचा दरबार’ नावाचा बंधुसंघ काढला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांना जशी जागा होती, तशी न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही होती. हे त्यांच्या स्वतःच्या मंडळीतील पुष्कळांना मानवण्याजोगे नव्हते. ज्याने एका बाप्तिस्म्यापायी घरदार पणास लावले, त्यानेच बाप्तिस्म्याची अट सैल करावी, यात विसंगती दिसते खरी. परंतु बावीस वर्षांच्या अनुभवानंतर त्यांनी शिष्याची ओळख विधीवरून न ठरविता चालण्यावरून ठरविली, असाही त्याचा अर्थ लावता येतो, आणि तो अधिक सरळ आहे. वीस वर्षांनंतर, १९३७ साली, जर्मनीत दीत्रिख बोनहोफर या धर्मशास्त्रज्ञाने शिष्यत्वावरील आपल्या ग्रंथात स्वस्त कृपेवर प्रखर टीका केली: क्षमा हवी पण मागे चालणे नको, अशी ती वृत्ती. टिळकांनी त्यावर ग्रंथ लिहिला नाही. त्यांनी वेतन सोडले.

येथे एक शंका रास्त आहे. अशा त्यागाचा भार पुन्हा घरातील दुसऱ्यांवर पडत नाही काय? पडतो, आणि तो पडतो हे झाकण्यात अर्थ नाही. ज्याला दररोजचा वधस्तंभ उचलावयाचा आहे, त्याने आपल्या वाट्याचे ओझे पत्नीच्या खांद्यावर तर गेले नाही ना, हेही दररोज पाहिले पाहिजे. टिळकांना ते नेहमी साधले असे म्हणता येत नाही.

‘देवाचा दरबार’ फार दिवस चालविण्यास त्यांना अवधी मिळाला नाही. ९ मे १९१९ रोजी मुंबईस त्यांचे निधन झाले. येशूच्या चरित्रावर त्यांनी ‘ख्रिस्तायन’ हे ओवीबद्ध महाकाव्य आरंभिले होते. त्याचे सुमारे दहा अध्याय तेवढे झाले होते. पन्नाशीच्या लक्ष्मीबाईंनी पुढे ते काम हाती घेतले. संसार, नातवंडे, स्मृतिचित्रांचे लेखन, हे सर्व सांभाळून त्या ओव्या रचीत राहिल्या, आणि साठांहून अधिक अध्याय लिहून त्यांनी ते काव्य पुरे केले. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी त्या वारल्या. ‘ख्रिस्तायन’ छापून आले ते त्यांच्या मागून, १९३८ साली.