पडद्यावरील नट व पडद्याबाहेरील मनुष्य

नदीचें मूळ आणि ऋषीचें कूळ शोधूं नये, असें आपल्याकडे जुनीं माणसें म्हणत आलीं आहेत. नटाच्या बाबतींत हा उपदेश पाळणें एके काळीं फारसें अवघड नव्हतें. दादासाहेब फाळके यांनीं १९१३ सालीं ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आणला, तेव्हां तारामतीच्या भूमिकेसाठीं स्त्री मिळेना. अखेर एका उपाहारगृहांत काम करणाऱ्या साळुंके नांवाच्या तरुणानें ती भूमिका केली. तारामतीचें दुःख पाहून ज्यांचे डोळे ओले झाले असतील, त्यांपैकीं कोणालाही हा तरुण कोठला, त्याचें आचरण कसें, अशी चौकशी करावीशी वाटली नसेल.

आज ती चौकशी घरोघर होते. एखाद्या नटाविषयीं वाईट कांहीं छापून आलें, कीं लगेच दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, आम्हांला त्याच्या कलेशीं काम, त्याच्या घराशीं नाहीं. दुसरा म्हणतो, असल्या मनुष्याचें तोंड पाहण्यासाठीं मी पदरचे पैसे कां मोजावेत? दोन्ही पक्ष प्रामाणिक असतात, आणि म्हणूनच हा वाद मिटत नाहीं. श्रोतेहो, तो मिटविण्याचा आव मी आणीत नाहीं. परंतु त्याचा थोडा उलगडा होतो का, हें पाहूं.

प्रथम एक गोष्ट ध्यानांत घेतली पाहिजे. नटाचें खासगी जीवन प्रेक्षकांनीं आपण होऊन उकरून काढलेलें नाहीं. तें त्यांना विकण्यांत आलें. अमेरिकेंत १९१० च्या सुमारापर्यंत चित्रपटसंस्था नटनटींचीं नांवेंसुद्धां जाहीर करीत नसत. नांव झालें कीं हे लोक पगार वाढवून मागतील, असें भय त्यांना वाटे. फ्लॉरेन्स लॉरेन्स ही नटी ‘बायोग्राफ’ संस्थेच्या चित्रांत दिसे, म्हणून लोक तिला नुसतें ‘बायोग्राफची मुलगी’ म्हणत. पुढें कार्ल लेम्ली या निर्मात्यानें तिला आपल्याकडे आणलें व १९१० सालीं तिच्या नांवाचा मोठा गाजावाजा केला. ओळखीच्या चेहऱ्यामागें गर्दी जमते, हें एकदां कळल्यावर नटाचें घर, त्याचें लग्न, त्याचीं मुलें, फार काय त्याचा कुत्राही जाहिरातीचा माल झाला. त्यांत कॅमेऱ्याची करामत निराळीच. रंगभूमीवरचा नट आपल्यापासून वीस-तीस हातांवर उभा असतो. पडद्यावर त्याच्या पापणीवरचें पाणी दिसतें. इतक्या जवळून तर आपण सख्ख्या भावालाही पाहत नाहीं! मग या मनुष्याला आपण ओळखतों असें वाटूं लागतें, आणि त्याचें गैरवर्तन उघडकीस आलें कीं परक्यावर येतो तसा राग येत नाहीं, ओळखीच्यानें फसविल्यासारखा येतो. त्या रागांत थोडा भाग आपण जाहिरातीवर विश्वास ठेवल्याचाही असतो.

हा राग कोठवर जाऊं शकतो, तें रॉस्को आर्बकल याच्या हकीकतीवरून दिसतें. ‘फॅटी’ या नांवानें जगभर ठाऊक असलेला हा स्थूलदेही विनोदी नट मूकपटांच्या काळांत अत्यंत लोकप्रिय होता. १९२१ च्या सप्टेंबरांत सॅन फ्रान्सिस्को येथील एका हॉटेलांत त्यानें दिलेल्या मेजवानीच्या वेळीं व्हर्जिनिया रॅप नांवाची नटी आजारी पडली, आणि मूत्राशय फुटून झालेल्या विकारानें चार दिवसांनीं ती वारली. आर्बकलवर सदोष मनुष्यवधाचा खटला झाला. तो उभा राहण्यापूर्वींच वर्तमानपत्रांनीं त्याला दोषी ठरवून टाकलें, व चित्रपटगृहांतून त्याचीं चित्रें उतरविण्यांत आलीं. दोन वेळां ज्यूरीचें एकमत झालें नाहीं. तिसऱ्या वेळीं, १२ एप्रिल १९२२ रोजीं, ज्यूरीनें कांहीं मिनिटांतच त्याला निर्दोष ठरविलें, आणि त्याच्यावर मोठा अन्याय झाला असल्याचें लेखी निवेदनही केलें. यानंतर सहाच दिवसांनीं चित्रपटधंद्याचे नियामक विल हेज यांनीं त्याच्या चित्रांवर बंदी घातली! ती त्याच वर्षाच्या अखेरीस उठली खरी, पण गेलेलें नांव परत आलें नाहीं. विल्यम गुडरिच हें टोपणनांव घेऊन त्याला दिग्दर्शनावर दिवस काढावे लागले. १९३३ सालीं तो वारला. या खटल्यांत मृत तरुणीच्या चारित्र्यावरही यथेच्छ चिखलफेक झाली, तिची मात्र आठवण कोणी काढीत नाहीं.

आरोप आणि शाबीत झालेला गुन्हा यांत अंतर असतें, हें तर येथें उघडच आहे. दुसरी गोष्ट तितकीशी ध्यानांत येत नाहीं. १९१७ सालीं बस्टर कीटन याला चित्रपटांत आणलें तें आर्बकलनेंच, आणि कीटनचें आरंभींचें सारें काम आर्बकलच्या चित्रांतलेंच आहे. एक मनुष्य नको म्हणून चित्र पेटींत बंद केलें, कीं त्याच्याबरोबर लेखक, छायाचित्रकार, इतर नट, दिवे धरणारा पोऱ्या, सगळेच बंद होतात. कादंबरी एकट्याची असते. चित्रपट पंगतीच्या स्वयंपाकासारखा असतो, त्याला शंभर हात लागलेले असतात.

येथवर मीं जणूं पहिल्याच पक्षाचें वकीलपत्र घेतलें आहे. परंतु कलावंत आणि मनुष्य हे दोन कप्पे प्रत्येक वेळीं वेगळे निघतातच असें नाहीं. चार्ली चॅप्लिनचा ‘द किड’ हा १९२१ सालचा चित्रपट मीं किती वेळां पाहिला असेल, त्याची गणती नाहीं. त्यांत एक स्वप्नाचा प्रसंग आहे. देवदूताच्या वेषांतली एक मुलगी भटक्या चार्लीला भुरळ घालते. ती मुलगी लिटा ग्रे. त्या वेळीं तिचें वय १२ वर्षांचें होतें. १९२४ सालीं चॅप्लिननें तिच्याशीं विवाह केला. ती तेव्हां १६ वर्षांची होती व तो ३५ वर्षांचा. १९२७ सालीं घटस्फोट झाला, आणि त्या वेळीं तिनें केलेल्या आरोपांनीं सारा देश हादरला. हें मला पुष्कळ उशीरा कळलें. छत्तीस वर्षें बारा-तेरा वर्षांच्या मुलामुलींसमोर उभा राहिलेला मी मनुष्य. त्या प्रसंगाकडे पूर्वींच्या डोळ्यांनीं पाहणें मला आतां जमत नाहीं. बाकीच्या चित्राला मी अजूनही हंसतों आणि रडतों. परंतु तेथें पडद्याबाहेरचें आयुष्य पडद्याच्या आंतच येऊन बसलें आहे, आणि तें बाजूला सारा असें मला कोणी सांगूं नये.

आतां आपल्याकडचें उदाहरण. १२ मार्च १९९३ रोजीं मुंबईंत झालेल्या बाँबस्फोटांत २५७ माणसें गेलीं. त्या प्रकरणीं नट संजय दत्त यांना विशेष न्यायालयानें दहशतवादाच्या आरोपांतून मुक्त केलें, परंतु बेकायदा शस्त्र बाळगल्याबद्दल दोषी ठरविलें. जुलै २००७ मध्यें सहा वर्षांची शिक्षा सुनावली. २०१३ सालीं सर्वोच्च न्यायालयानें ती पांच वर्षांची केली, आणि ती येरवड्यांत पुरी करून ते फेब्रुवारी २०१६ मध्यें सुटले. खटल्याचा निकाल लागण्याच्या थोडेंच आधीं, १ सप्टेंबर २००६ रोजीं, त्यांचा ‘लगे रहो मुन्नाभाई’ प्रदर्शित झाला होता. मुंबईंतला एक गुंड. त्याला गांधीजी दिसूं लागतात, आणि तो रेडिओवरून लोकांना सत्याचा मार्ग सांगूं लागतो. (रेडिओचें असें माहात्म्य गाणारें दुसरें चित्र मला आठवत नाहीं, तेव्हां मी थोडा पक्षपाती असेन.) गांधीजींची भूमिका आपल्या दिलीप प्रभावळकरांनीं केली, व तिला राष्ट्रीय पारितोषिकाचा मान मिळाला.

२००७ च्या गांधीजयंतीला हा चित्रपट शाळेच्या सभागृहांत दाखवावा, असा आग्रह मींच मुख्याध्यापकांकडे धरला. शिक्षा होऊन दोन महिने झाले होते. आमच्यांतील एका शिक्षकांच्या थोरल्या भावाचा पाय वरळीच्या स्फोटांत गेला होता. हें मला ठाऊक होतें. तरी मुलांवर देखरेखीचें काम मीं त्यांच्याकडेच दिलें, कारण माझ्या मतें चित्र वेगळें व मनुष्य वेगळा. ते माझ्याकडे आले व म्हणाले, “सर, मुलांना अवश्य दाखवा, माझी हरकत नाहीं. मला मात्र आंत बसायला लावूं नका.” मीं त्यांना न्यायालयाचा निकाल समजावून सांगूं लागलों, स्फोटाच्या कटांतून ते सुटले आहेत, असें म्हणालों. ते शांतपणें म्हणाले, “तो मी आपल्याआधीं वाचला आहे, सर. निकाल बरोबरच असेल. पण दादाला रोज जिना चढतांना मी पाहतों.”

मला राग आला, हें कबूल केलें पाहिजे. मनुष्य शिकलेला, मराठी शिकविणारा, आणि एवढा साधा विवेक त्याला करतां येऊं नये! सभागृहांत मुलें पोट धरून हंसत होतीं, प्रभावळकर पडद्यावर आले कीं एकदम शांत होत होतीं. आणि ते गृहस्थ बाहेर व्हरांड्यांत वह्या तपाशीत बसले होते. मध्यंतरांत मी बाहेर आलों, तेव्हां त्यांनीं उठून मला खुर्ची दिली. कला व कलावंत वेगळे करण्याची माझी विद्या किती स्वस्तांत आलेली होती, तें त्या खुर्चीवर बसतांना माझ्या ध्यानांत आलें. माझ्या घरचें कोणीच त्या दिवशीं वरळीला नव्हतें.

मुलांना तो चित्रपट दाखविला, याचा पश्चात्ताप मला झाला नाहीं, आजही नाहीं. आर्बकलला ज्यांनीं पडद्यावरून उतरविलें, त्यांच्या रांगेंत मी उभा राहणार नाहीं. परंतु आपला आनंद दुसऱ्यावर कर्तव्य म्हणून लादणें, हें त्याच बंदीचें दुसरें टोंक आहे, हें मला व्हरांड्यांत कळलें. नंतरच्या वर्षीं गांधीजयंतीला देखरेखीची यादी करतांना कोणाला कोठें बसावयाचें तें मीं प्रत्येकाला आधीं विचारून घेतलें. ते शिक्षक म्हणाले, “यंदा भजनाचा कार्यक्रम आहे ना, सर? मग मी पहिल्या रांगेंत बसतों.”