जर्मन उच्चार : गैरसमज आणि वस्तुस्थिती

२६ जून १९६३ रोजी पश्चिम बर्लिनच्या सभेत अमेरिकेचे अध्यक्ष जॉन केनेडी लाखोंच्या गर्दीसमोर म्हणाले, 'इश बिन आइन बेर्लीनर', म्हणजे 'मी बर्लिनकर आहे'. त्यांना जर्मन येत नव्हतं. म्हणून हे वाक्य जसं ऐकू येतं तसं इंग्रजी स्पेलिंगात त्यांनी कार्डावर लिहून घेतलं होतं. त्यांची ही युक्ती अगदी योग्य होती, कारण जर्मन मजकूर इंग्रजीच्या सवयीने वाचला की उच्चार बिघडतो. आपल्यापैकी बरेच जण जर्मनकडे इंग्रजीच्या वाटेनेच जातात, त्यामुळे इंग्रजी भाषकांचे गैरसमज आपल्यालाही चिकटतात.

गैरसमज : केनेडी चुकून 'मी जॅम भरलेला डोनट आहे' असं म्हणाले.
वस्तुस्थिती : जर्मनीच्या काही भागांत त्या गोड पदार्थाला 'बेर्लीनर' म्हणतात, पण खुद्द बर्लिनमध्ये त्याला 'प्फानकूखन' म्हणतात. केनेडींचं वाक्य व्याकरणातही बरोबर होतं आणि श्रोत्यांना त्याचा अर्थ नेमका कळला होता.

गैरसमज : लिपी एकच, म्हणजे अक्षरांचे उच्चारही तेच.
वस्तुस्थिती : जर्मनमध्ये डब्ल्यूचा उच्चार 'व', व्हीचा बहुधा 'फ', जेचा 'य' आणि झेडचा 'त्स' होतो. म्हणून बीएमडब्ल्यू तिथे 'बे-एम-वे' होते आणि फोक्सवॅगन 'फोल्क्सवागन'. इंग्रजी 'टेन' आणि 'टू' यांची जर्मन भावंडं 'त्सेन' आणि 'त्स्वाय'. शेकडो वर्षांपूर्वी जर्मनमध्ये ध्वनिबदल होऊन 'ट'चा 'त्स' झाला, इंग्रजीत तो तसाच राहिला. इंग्रजी भाषकाला शब्दाच्या सुरुवातीचा हा 'त्स' अवघड जातो. मराठी माणूस 'चमचा' म्हणताना जवळजवळ तोच ध्वनी काढतो.

गैरसमज : 'इश'मधला शेवटचा ध्वनी इंग्रजी जिभेला जमणारच नाही.
वस्तुस्थिती : तो नेमका 'श' नाही आणि 'क' तर मुळीच नाही. इंग्रजीत 'ह्यूज' म्हणताना सुरुवातीला जो 'ह्य' निघतो, तोच हा ध्वनी. आ, ओ, ऊ या स्वरांनंतर मात्र तो घशाकडे सरकतो आणि 'नाख्ट' (रात्र) या शब्दात खरखरीत 'ख' ऐकू येतो. इंग्रजी 'नाइट'च्या स्पेलिंगमधली जी-एच ही मुकी अक्षरं याच जातीच्या ध्वनीची खूण आहेत. एके काळी इंग्रजीतही तो उच्चारला जात असे.

गैरसमज : स्वरांवरचे दोन ठिपके नुसती सजावट आहेत.
वस्तुस्थिती : ठिपक्यांनी अर्थ बदलतो. ठिपक्यांविना 'शोन' म्हणजे 'आधीच', ठिपके दिले की त्याच शब्दाचा अर्थ 'सुंदर'. हा दुसरा स्वर काढायचा तर जीभ 'ए'च्या जागी ठेवा आणि ओठ 'ओ'सारखे गोल करा. ठिपक्यांच्या 'यू'साठी तोंडात 'ई' आणि ओठांवर 'ऊ'.

गैरसमज : शब्दाचा शेवट लिहिल्याप्रमाणेच उच्चारायचा.
वस्तुस्थिती : शब्दाच्या शेवटी ब, ड, ग यांचे प, ट, क होतात. 'गूटन टाग' लिहितात, पण प्रमाण उच्चार 'गूटन टाक'. 'आणि' या अर्थाचा शब्द डीने संपतो, तरी ऐकू येतो 'उंट'. उलट शेवटचं 'ई' हे रोमन अक्षर मुकं नसतं. 'डांकऽ' (धन्यवाद) आणि 'बिटऽ' (कृपया) यांच्या शेवटी हलका 'अ' म्हणायलाच हवा. 'पोर्शऽ' या गाडीच्या नावातही तो आहे.

गैरसमज : घशातला 'र' जमला नाही तर जर्मन कळणार नाही.
वस्तुस्थिती : बव्हेरिया आणि स्वित्झर्लंडमध्ये अनेक जण जिभेच्या टोकाने थरथरणारा 'र' काढतात. आपला मराठी 'र' जर्मन माणसाला सहज कळतो. अडतो तो जीभ मागे वळवून काढलेला इंग्रजी 'र'.

जर्मन स्पेलिंग बरंचसं नियमबद्ध आहे. नियम एकदा कळले की न पाहिलेला शब्दही बहुतेक वेळा बरोबर वाचता येतो. म्हणून रोजच्या वापरातली पहिली दहा वाक्यं आधी कानांनी ऐका, मोठ्याने म्हणा आणि ती आपल्या देवनागरीत लिहून ठेवा. पुस्तक त्यानंतर उघडा.