मुरगावची चार जहाजं आणि न झालेलं एक युद्ध

९ मार्च १९४३ च्या रात्री गोव्याच्या मुरगाव बंदरात ‘फीबी’ नावाचा, गाळ वाहून नेणारा एक जुना बार्ज हळूच शिरला. त्यात होते ‘कलकत्ता लाइट हॉर्स’ या हौशी पलटणीतले मध्यमवयीन गोरे साहेब. एरवी कलकत्त्याच्या कचेऱ्यांत आणि क्लबांत वावरणारी ही माणसं ब्रिटिशांच्या गुप्त युद्धसंघटनेच्या सांगण्यावरून थेट जर्मन जहाजावर चढायला निघाली होती.

‘एहरेनफेल्स’, ‘ब्राउनफेल्स’ आणि ‘द्राखनफेल्स’ ही तीन जर्मन आणि ‘आन्फोरा’ हे एक इटालियन, अशी चार व्यापारी जहाजं युद्ध पेटल्यावर मुरगावच्या आश्रयाला येऊन नांगर टाकून पडली होती. ‘एहरेनफेल्स’वरच्या छुप्या ट्रान्समीटरवरून दोस्तांच्या जहाजांची खबर पाणबुड्यांना जाते, असा ब्रिटिशांचा संशय होता. त्या रात्री याच जहाजावर झटापट झाली आणि कप्तान मारला गेला. शत्रूच्या हाती पडू नयेत म्हणून खलाशांनीच जहाजांना आगी लावल्या, पाणी आत घेतलं आणि चारही जहाजं बुडवली. ही सगळी हकिकत १९७८ पर्यंत जगापासून लपून राहिली.

आता तेव्हाचा नकाशा पाहा. मुरगाव पोर्तुगालचं आणि पोर्तुगाल तटस्थ. १९०७ च्या हेग करारानुसार तटस्थ देशाच्या पाण्यात लढाई करायला लढणाऱ्या देशांना मनाई आहे. त्यांच्या युद्धनौकेला अशा बंदरात साधारणपणे २४ तासांहून जास्त थांबताही येत नाही. व्यापारी जहाजं मात्र वर्षानुवर्षं पडून राहू शकतात. म्हणजे जर्मनांचा मुक्काम नियमात बसत होता आणि ब्रिटिशांचा हल्ला बसत नव्हता. पोर्तुगालचे सर्वेसर्वा सालाझार यांना हवं असतं, तर भांडण काढायला कारण समोर तयार होतं. त्यांनी ते काढलं नाही. उलट, पाच महिन्यांनी अटलांटिकमधली आपली अझोरेस बेटं ब्रिटिशांना तळासाठी वापरू देण्याच्या करारावर त्यांच्या सरकारनं सही केली. तेही तटस्थता न सोडता!

मला सर्वांत थक्क करते ती यामागची एक जुनी आठवण. पहिल्या महायुद्धातही पोर्तुगाल सुरुवातीला असाच बाजूला होता. मग ब्रिटनच्या विनंतीवरून त्यानं फेब्रुवारी १९१६ मध्ये आपल्या बंदरांतली जर्मन जहाजं जप्त केली आणि जर्मनीनं युद्ध पुकारलं. तारीख होती ९ मार्च १९१६. फीबी मुरगावात शिरली, त्याच्या बरोबर २७ वर्षं आधी! त्या युद्धात पोर्तुगीज फौज फ्लँडर्सच्या चिखलात उभी राहिली आणि एप्रिल १९१८ मध्ये लीसच्या लढाईत तिची धूळधाण उडाली. हजारो सैनिक कैद झाले. घरी अन्नटंचाई, कर्ज, उठाव, आणि शेवटी १९२६ चं लष्करी बंड. त्या बंडातून उभ्या राहिलेल्या राजवटीनं देशाचे हिशेब सावरायला कोइंब्राच्या ज्या अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाला बोलावलं, तेच हे सालाझार. नांगरलेली जहाजं देशाला कुठे नेऊ शकतात, हे त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

तटस्थ राहणं म्हणजे गप्प बसणं नव्हे. पोर्तुगाल तोफगोळ्यांसाठी लागणारं वुल्फ्राम हे खनिज दोन्ही बाजूंना विकत होता आणि दोन्ही बाजूंच्या धमक्या झेलत होता. शिवाय तटस्थता प्रत्येक वेळी वाचवतेच असंही नाही. डिसेंबर १९४१ मध्ये ऑस्ट्रेलियन आणि डच सैनिक पोर्तुगीज तिमोरमध्ये परवानगी न घेता उतरले. फेब्रुवारीत त्यांच्या मागोमाग जपानी आले आणि युद्ध संपेपर्यंत हजारो तिमोरवासी प्राणाला मुकले.

आता एक धागा ओढून पाहू. ऑक्टोबर १९४० मध्ये हिटलर आणि स्पेनचे हुकूमशहा फ्रँको फ्रान्समधल्या आंदाय इथे भेटले. समजा, फ्रँको तिथे हिटलरच्या बाजूला गेले असते, जर्मन फौजा जिब्राल्टरकडे निघाल्या असत्या आणि पोर्तुगालही त्या छावणीत ओढला गेला असता. अझोरेस ब्रिटननं तडक घेतलीच असती. आणि गोवा? तीन बाजूंना ब्रिटिशांचा मुलूख आणि त्यांची मांडलिक सावंतवाडी, चौथीकडे ब्रिटिश आरमाराचा समुद्र, आणि मुरगाव ते कॅसलरॉक अशी तयार रेल्वे. लढाई चार दिवसही चालली नसती, असं मला वाटतं. प्रत्यक्षात ऑक्टोबर १९४३ मध्ये याच मुरगावात अमेरिका आणि जपान यांनी एकमेकांचे अडकलेले नागरिक बदलून घेतले. दोन जहाजांतून दोन्ही बाजूंचे मिळून हजारो लोक घरच्या वाटेला लागले. ती अदलाबदल त्या जगात इथे झाली नसती.

खरी उलथापालथ मात्र त्यानंतरची. ब्रिटिशांच्या ताब्यातला गोवा १९४७ मध्ये त्यांनी पोर्तुगालला परत दिला असता का? मला नाही वाटत. भारताच्या किनाऱ्यावरचा तुकडा एका हरलेल्या शत्रूला द्यायला दिल्लीतलं नवं सरकार तयार झालंच नसतं. मग १९५५ चा गोवामुक्तीचा सत्याग्रह आणि त्यात गोळ्या खाल्लेले तरुण, पोर्तुगालच्या तुरुंगात १९६९ पर्यंत खितपत पडलेले मोहन रानडे, भारतीय सैन्याचं १९६१ चं ऑपरेशन विजय, यातलं काहीच घडलं नसतं.

उलट, सालाझार १९४३ मध्ये उघडपणे दोस्तांच्या बाजूनं उतरले असते, तर पोर्तुगाल विजेत्यांच्या पंगतीत बसला असता आणि १९५५ ऐवजी १९४५ मध्येच संयुक्त राष्ट्रांत आला असता. मग गोव्यावरचा त्याचा हक्क खोडून काढणं भारताला किती जड गेलं असतं! एकच देश, एकच बंदर. पण कुठल्या बाजूला उडी मारली यावर गोवेकरांची स्वातंत्र्याची वाट चौदा वर्षांनी आखूड झाली असती किंवा आणखी लांबली असती.

पहिल्या शक्यतेत मराठी वाचकाला अडवणारा प्रश्न वेगळाच आहे. सावंतवाडी १९४८ मध्ये आणि कोल्हापूर १९४९ मध्ये मुंबई प्रांतात विलीन झालं. त्याच ओघात गोवाही बहुधा तिकडेच गेला असता. मग महाराष्ट्रात जायचं की वेगळं राहायचं हे गोवेकरांनी स्वतः मत देऊन ठरवलं तो १६ जानेवारी १९६७ चा जनमत कौल झालाच नसता. कोकणी आणि मराठीचा वाद मिटला नसताच. तो राज्य पुनर्रचना आयोगापुढे, बेळगावच्या प्रश्नाशेजारी, दिल्लीत बसून कुणीतरी ठरवला असता.