गट बदलला, जमाखर्च बदलला

आपल्याकडे विद्यापीठाचा संघ कोणत्या विभागात खेळणार हे नकाशा ठरवतो. अमेरिकेत ते करार ठरवतो. तेथील विद्यापीठे ‘कॉन्फरन्स’ नावाच्या गटांत विभागलेली असतात. गटातील संघ आपसांत सामने खेळतात. त्या सामन्यांचे टेलिव्हिजनचे हक्क गट विकतो आणि आलेला पैसा सभासदांत वाटतो. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला हे ओळखीचे वाटेल. ही एक भागीदारी संस्थाच होय.

१९८४ पर्यंत कॉलेज फुटबॉलच्या प्रक्षेपणाची सूत्रे एन.सी.ए.ए. या मध्यवर्ती संस्थेच्या हाती होती. त्या वर्षी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ही व्यवस्था मक्तेदारीविरोधी कायद्याचा भंग करणारी ठरवली. पुढे हक्कविक्री गटांकडे आली, आणि कोणत्या गटात गेल्यास वाटा मोठा मिळेल याचा हिशेब विद्यापीठे करू लागली.

भागीदार निवृत्त झाला की संस्था त्याचे देणे चुकते करते, असे आपण पुस्तपालनात शिकतो. येथे उलट आहे. जाणाराच पैसे भरतो. मेरीलँड विद्यापीठाने पैशाअभावी २०१२ मध्ये सात खेळांचे संघ बंद केले आणि त्याच वर्षी ए.सी.सी. सोडून बिग टेन या श्रीमंत गटात जाण्याचे जाहीर केले. जुन्या गटाने ५ कोटी २० लाख डॉलरहून अधिक रक्कम मागितली. प्रकरण न्यायालयात गेले. २०१४ मध्ये सुमारे ३ कोटी १३ लाखांवर तडजोड झाली.

नव्या भागीदाराने ख्यातिमूल्य आणावे, हा नियम मात्र येथेही दिसतो. ते रोखीने नव्हे, तर वाटा सोडून आणले जाते. सदर्न मेथडिस्ट विद्यापीठ २०२४ मध्ये ए.सी.सी.त आले ते टेलिव्हिजनच्या उत्पन्नातील वाटा नऊ वर्षे न घेण्याच्या अटीवर.

आणि मागे राहणाऱ्यांचे काय? लॉस एंजेलिसमधील यू.सी.एल.ए. व यू.एस.सी. यांनी पॅक-१२ सोडण्याचे २०२२ मध्ये जाहीर केले. एवढे मोठे शहर गेल्यावर उरलेल्यांच्या हक्कांची किंमत घसरली. २०२४ मध्ये बारांपैकी दोनच सभासद उरले. यू.सी.एल.ए. आणि बर्कली ही एकाच कॅलिफोर्निया विद्यापीठाची अंगे. एकाच्या जाण्याने दुसऱ्याचे नुकसान झाले, म्हणून नियामक मंडळाने यू.सी.एल.ए.ला दरवर्षी १ कोटी डॉलर बर्कलीला देण्यास सांगितले. एका खिशातला पैसा दुसऱ्या खिशात गेला.

खर्चाची बाजूही वाढली. कमाई मुख्यतः फुटबॉलची. पण सामन्यासाठी लॉस एंजेलिसहून सुमारे ४,००० किलोमीटरवरील न्यू जर्सी गाठायचे ते व्हॉलीबॉलच्या मुलींनीही. विमानभाडे खतावणीत लिहिता येते. बुडालेले तास कोणत्या खात्यावर नावे टाकायचे, हे अजून कोणी ठरवलेले नाही.