रक्ताचा रिपोर्ट नॉर्मल, मग पडद्याला भोक कसं?

वाशीम जिल्ह्यात रिसोडला जा की मानोऱ्याला, गरोदर सुनेच्या घरात एक समजूत पक्की असते: रक्त-लघवी तपासली, सगळं नॉर्मल आलं, म्हणजे बाळ धडधाकट. जन्मजात डायफ्रॅम हर्नियात हा भरवसा उपयोगाचा नाही. छाती आणि पोट यांच्यामधल्या पडद्याला भोक राहतं, त्यातून आतडी, जठर, कधी यकृतही वर चढतं आणि फुप्फुसांना वाढायला जागा उरत नाही. साधारण अडीच-तीन हजार बाळांमागे एकाला हे होतं, बहुतेकदा डाव्या बाजूला. हे भोक आईच्या रक्तात दिसत नाही. डबल मार्कर ही रक्तचाचणीही डाउन सिंड्रोमसारख्या दोषांची शक्यता सांगते, पडद्याबद्दल गप्प असते. दोष दिसतो तो १८ ते २० आठवड्यांच्या सोनोग्राफीत, आणि तिथूनही कधीकधी निसटतो.

दोष दिसला की घरात चौकशी सुरू होते. ग्रहणात विळीवर बसली होती का? सातव्या महिन्यात हंडा उचलला का? पडदा जुळायचा तो तिसऱ्या महिन्याच्या आतच जुळतो. सातव्या महिन्यातल्या हंड्याला त्याचं काय?

लॅबचं खरं काम इथून पुढे. या बाळांपैकी काहींना गुणसूत्रांचा दोषही असतो, म्हणून गर्भजल काढून तपासतात. ‘ही तर लिंगतपासणी, कायद्यानं बंद’ असं म्हणून काही जण मागे फिरतात. १९९४च्या कायद्यानं बंदी आहे ती लिंग सांगण्यावर. गुणसूत्रदोष शोधायला परवानगी आहे. यातही एक गंमत आहे. पॅलिस्टर-किलियन नावाच्या विकारात रक्ताचा गुणसूत्र-रिपोर्ट चक्क नॉर्मल येऊ शकतो आणि दोष सापडतो त्वचेच्या पेशींत.

बाळ जन्मल्यावरचा गैरसमज जास्त महाग पडतो: ‘दम लागतोय, मास्क लावून हवा द्या.’ ती हवा जठर-आतड्यांत शिरते, ती छातीत फुगतात आणि फुप्फुस आणखी दबतं. इथे श्वासनळीत नळी घालतात आणि दुसरी नळी जठरात. पोट खपाटीला गेलेलं आणि ठोके उजवीकडे ऐकू येत असतील, तर छातीचा एक्स-रे निदान करून देतो. रक्तवायू तपासणी निदानासाठी नसते. ऑक्सिजन, कार्बन डायऑक्साइड आणि आम्लता यांचा हिशेब ती दर काही तासांनी देते. ‘लगेच ऑपरेशन का करत नाहीत?’ याचं उत्तर त्याच आकड्यांत असतं, कारण बाळ स्थिरावल्यावरच भोक शिवतात.

वाशीम १९९८ला जिल्हा झाला, वैद्यकीय महाविद्यालय २०२४ला आलं. पण या बाळाला नवजात अतिदक्षता विभाग, बालशल्यचिकित्सक आणि रक्तवायूचं यंत्र एकाच जागी लागतं, आणि तेही पहिल्या तासात. म्हणून दोष आधी कळला असेल, तर नागपूरसारख्या ठिकाणी बाळंतपण ठरवतात. जन्मलेलं बाळ १०८ रुग्णवाहिकेतून नेण्यापेक्षा ते आईच्या पोटातूनच तिथवर पोचलेलं बरं.